दोन रुळांतलं अंतर

इंग्रजीत पाच अक्षरांचा एक शब्द आहे. जी, ए, यू, जी, ई. उच्चार गेज. यातला यू कुणाच्या तोंडून कधी बाहेर पडत नाही. ए आणि यू शेजारी बसले की इंग्रजी माणूस बहुधा ‘ऑ’ म्हणतो, ऑडिटमध्ये म्हणतो तसा. इथे मात्र तो ‘ए’ म्हणतो. कान एक सांगतो आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं, म्हणून लिहिणाऱ्याचा हात त्या जागी अडखळतो. फरिदाबादच्या औद्योगिक वसाहतीतून चालत गेलं, चावडी बाजारात पत्र्याच्या दुकानांची बिलं पाहिली, की यू पुढे आणि ए मागे झालेला हा शब्द भेटत राहतो. देवनागरीत असला काही प्रश्नच नाही. ग वर मात्रा, पुढे ज. दोन अक्षरं, जशी बोलली तशी लिहिली.

या शब्दावर माझा जीव आहे. तो कानावर पडत पडतच मी मिरजेत वाढलो. पुढे पोटापाण्यासाठी दिल्लीत आलो आणि इथलाच झालो. तर इथेही तो रुळांखाली, पत्र्याच्या भावात, यमुनेच्या पाण्यात, जिथे जावं तिथे पुढ्यात. एखाद्या शब्दाची इतकी वर्षं सोबत झाली की त्याचं मूळ गाव कुठलं, तो इथवर कसा आला, हे विचारावंसं वाटतंच.

गाव उत्तर फ्रान्समधलं. तिथल्या जुन्या बोलीतून पंधराव्या शतकात इंग्रजीने तो उचलला. तेव्हा तो एका काठीचं नाव होता. दारूच्या पिंपात काठी बुडवायची, ती कुठपर्यंत भिजली ते पाहायचं आणि आत किती माल आहे ते सांगायचं. आजच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द ‘झोझ’ असा ऐकू येतो. त्याच्याही मागे काही कोशकार खांब किंवा दांडा अशा अर्थाचा जुना जर्मानिक शब्द मांडतात, आणि फाशीच्या खांबासाठी इंग्रजीत असलेला ‘गॅलोज’ हा शब्द त्याच कुळातला धरतात. पण तिथे ते ‘बहुधा’ असं लिहायला विसरत नाहीत. ब्रिटनमध्ये पिंपं मोजून कर ठरवणाऱ्या सरकारी माणसाला गेजर म्हणत. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हीच नोकरी करत होता. पिंपवाला आणि सरकार यांच्यामध्ये ती काठी उभी असे. काठीवरच्या खुणा दोघांनाही मान्य असल्या तरच व्यवहार पुढे जाई.

अमेरिकेतल्या कित्येक अभियंत्यांनी तो न बोलणारा यू काढून टाकला. त्यांच्या ग्रंथांत हा शब्द जी, ए, जी, ई असा चार अक्षरांत भेटतो. आणि नेमक्या याच चार अक्षरांचा आणखी एक शब्द इंग्रजीत आधीपासून नांदत होता. त्याचं मूळ वेगळं, अर्थही वेगळा: तारण, शब्द पाळण्याची हमी. गहाणखताचं ‘मॉर्गेज’ त्याच्यातूनच आलं, वचनात बांधून घेणारं ‘एंगेज’ही त्याच्यातूनच. मोजण्याची काठी आणि वचनाचं तारण अशी दोन परकी माणसं अमेरिकेत एकाच नावाने राहू लागली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग आहे. मला मात्र त्यात खोल अर्थ दिसतो. माप हे वचनच असतं. मी ज्याला हात म्हणतो त्यालाच तूही हात म्हणशील, आणि उद्या त्यात फरक करणार नाहीस, एवढ्या भरवशावर बाजार, रस्ते, पूल आणि रेल्वे उभी आहे.

दिल्लीत या शब्दाच्या जवळपास ऐकू येणारा एक शब्द फार जुना आहे. इथे जमिनीचा भाव गजात सांगतात. शंभर गजाचा प्लॉट, दोनशे गजाची कोठी. बोलताना म्हणतात गज, अर्थ असतो चौरस गज. हा शब्द फारसीतून आला. अकबराच्या काळी इलाही गज होता, एकेचाळीस अंगुळांचा. त्या गजावर शेतं मोजली जात, इमारती मोजल्या जात. मराठीने तर या शब्दाला दुसराही संसार दिला. आपल्याकडे कापड गजाने मोजत, आणि खिडकीला लोखंडी गज असतात. लांबीचं मापही गज, सरळ दांडाही गज. इकडे गेजही मुळात दांडा आणि पुढे माप. दोन्ही शब्द हातात धरून पाहिले की ते भाऊ असावेत असं कुणालाही वाटेल. पण या नात्याचा पुरावा नाही. ध्वनी जुळला, अर्थ जुळला, एवढ्यावर कुळ जुळत नसतं. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी मोजायला आधी काठीच हाती घेतली आणि काठीचंच नाव मापाला दिलं, एवढं मात्र यातून खात्रीने कळतं; आणि मला तेही नात्याहून कमी वाटत नाही.

मिरजेत हा शब्द पुस्तकातून यायचा नाही, पायाखालून यायचा. १९७१ च्या सुमारास पुण्याहून मिरजेमार्गे कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज आलं. बेळगाव-हुबळीकडे जाणारी लाइन मीटरगेजच राहिली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला जाणारी बार्शी लाइट नॅरोगेजवर होती. एकाच गावात तीन रुंदींचे रूळ. एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटर, एक हजार मिलिमीटर आणि सातशे बासष्ट मिलिमीटर. मुंबईहून बेंगळुरूला निघालेला माणूस मिरजेत सामानासकट उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. माणसाला पाय तरी असतात. मालाला हमालाची पाठ लागते. मालधक्क्यावर एका बाजूला मोठ्या लाइनचा वॅगन, दुसऱ्या बाजूला लहान लाइनचा, मध्ये पोती वाहणारी माणसं. एका डब्यातून पोतं काढायचं, चार पावलं चालायचं, दुसऱ्या डब्यात टाकायचं. माझे वडील त्या धक्क्यावर नोंदी ठेवत. कुठलं पोतं फुटलं, किती धान्य सांडलं, किती तास गेले, हे सगळं त्यांच्या वहीत उतरे. दोन रुळांतल्या अंतराची खरी किंमत कशी मोजली जाते, ते मी त्या वहीत पाहिलं.

आषाढीच्या दिवसांत बार्शी लाइट वारकऱ्यांनी भरून वाहायची. तो लहानसा रूळ घालणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटांच्या रुळावरही भरपूर ओझं वाहता येतं, पूल आणि भराव हलके राहतात, खर्च वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी चालवून त्याने ते दाखवून दिलं. म्हणून अरुंद रूळ म्हटलं की माझ्या मनात कमीपणा येत नाही. मोठी लाइन जिथे कधीच पोचली नसती तिथल्या माणसांना विठोबाच्या दारात नेणारी ती लाइन होती.

मग एकाच देशात इतकी मापं आली कुठून? या कथेचा पहिला मोठा माणूस लॉर्ड डलहौसी. गव्हर्नर जनरल म्हणून येण्यापूर्वी तो लंडनला बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये होता. रेल्वेच्या वेडाने इंग्लंडला पछाडलं होतं ते हेच दिवस. तिकडे स्टीफन्सनचा रूळ चार फूट साडेआठ इंचांचा, ब्रूनेलचा सात फुटांहून थोडा अधिक. दोन्ही जिथे भेटत त्या ग्लॉस्टरच्या स्थानकात मिरजेच्या मालधक्क्यासारखाच गोंधळ चाले. इंग्रज या भांडणाला गेजचं युद्ध म्हणत, आणि १८४६ साली पार्लमेंटला कायदा करून ते मिटवावं लागलं. हे सगळं जवळून पाहिलेला डलहौसी हिंदुस्थानात आल्यावर म्हणाला, इथे सुरुवातीपासून एकच माप असू द्या, आणि ते रुंद असू द्या. त्याला सहा फूट हवे होते. कंपनीच्या संचालकांच्या मनात इंग्लंडचं चार फूट साडेआठ इंची माप होतं. सल्लागार अभियंता सिम्स याने सुचवलेले साडेपाच फूट अखेर ठरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी त्याच साडेपाच फुटांवर धावली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या माणसांनी ज्या रेल्वेसाठी खटपट केली, तिच्या रुळांतलं अंतर असं कागदांवरच्या वादातून ठरलं होतं. आज देशातली बहुतेक सगळी रेल्वे त्याच अंतरावर चालते.

एकच माप हवं ही डलहौसीची इच्छा वीस वर्षंही टिकली नाही. रुंद रूळ महाग पडत होते. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने दुय्यम मार्गांसाठी स्वस्त, अरुंद माप निवडायचं ठरवलं. चर्चा फूट-इंचांत चालली होती आणि आकडा सव्वातीन फुटांच्या आसपास येऊन थांबला होता. नेमक्या त्याच वेळी हिंदुस्थानात मीटर आणि किलो आणण्याचा विचार सरकारच्या मनात होता. १८७१ मध्ये तसा कायदाही झाला. मग रुळांचं माप आधीपासूनच नव्या पद्धतीत बसलेलं असावं म्हणून सव्वातीन फुटांत एका इंचाचे तीन अष्टमांश मिळवले आणि बरोबर एक मीटर केला. त्या मापाची या देशातली पहिली लाइन फेब्रुवारी १८७३ मध्ये सुरू झाली. ती दिल्लीहून रेवाडीला जात होती.

मला या घटनेचं नवल कधी सरत नाही. मापाचा तो कायदा कागदावरच राहिला. मेयो ती लाइन पाहायला उरला नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात त्याचा खून झाला. बाजारात शेर, मण आणि वार पुढेही चालूच राहिले. मेट्रिक मापांचा कायदा प्रत्यक्ष आला तो स्वतंत्र भारतात, १९५६ साली. म्हणजे कापडाच्या दुकानात मीटर येण्याच्या ऐंशीएक वर्षं आधी तो दिल्ली आणि रेवाडी यांच्यामधल्या मातीत लोखंडाचा होऊन पडला होता. शेतकरी, फेरीवाले, बायाबापड्या तो रोज ओलांडत होते. मीटर म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीटर त्यांच्या पावलांखाली अचूक एक मीटर होता.

रेवाडी आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तिथल्या जुन्या लोको शेडमध्ये, १८९३ च्या त्या इमारतीत, वाफेची इंजिनं सांभाळून ठेवली आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इंजिनांकडे पाहायचं सोडून रुळांशी वाकलो. मिरजेहून हुबळीला जाणारा जो रूळ लहानपणी पाहिला होता, त्याचं हे माहेर. शेडमधल्या एका वयस्क कामगाराने विचारलं, ‘‘क्या ढूँढ रहे हो, बाबूजी?’’ मी म्हटलं, ‘‘छोटी लाइन.’’ दिल्ली-हरियाणात मीटरगेजला छोटी लाइन म्हणतात आणि ब्रॉडगेजला बडी लाइन. त्याने कोपऱ्यातून एक आडवी पट्टी आणली आणि दोन रुळांवर ठेवून दाखवली. दोन्ही टोकं आतल्या बाजूंना अलगद टेकली. ही पट्टीही गेजच. लाइनवर काम करणारी माणसं रोज ती रुळांवर ठेवत चालतात. अंतर वाढलं की चाक खाली उतरतं, कमी झालं की रुळावर चढतं. पिंपात बुडवायची ती फ्रेंच काठी इतका प्रवास करून, आडवी होऊन, रेवाडीच्या एका कामगाराच्या हातात आली होती.

चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या सगळ्या रुंदी शेजारी शेजारी पाहता येतात. तिथे एक गाडी अशी आहे की तिला गेजच नाही. पतियाळा संस्थानची मोनोरेल. एकच रूळ, त्यावर लहान चाकं, आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून धावणारं मोठं चाक. मुलं तिच्याभोवती गोळा होतात. गेज असायला निदान दोन रूळ लागतात, हे ती गाडी किती सोपेपणाने शिकवते. एकट्याला माप नसतं. समोर दुसरा आला की अंतर जन्मतं, आणि ते अंतर किती असावं हे दोघांना मिळून ठरवावं लागतं.

दिल्लीनेही अलीकडे हे पुन्हा ठरवून पाहिलं. मेट्रो आखली गेली तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण करून आलेले ई. श्रीधरन आणि त्यांचे सहकारी जगभरच्या मेट्रोंसारखा चौदाशे पस्तीस मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज मागत होते. डबे कुणाही देशाकडून घेता यावेत, वळणं लहान जागेत बसावीत, हा त्यांचा युक्तिवाद. रेल्वे मंत्रालयाचं म्हणणं, भारताचं माप ब्रॉडगेज आहे, तेच राहू द्या. निर्णय ब्रॉडगेजच्या बाजूने लागला. २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी ही पहिली मेट्रो सोळाशे शहात्तर मिलिमीटरवर धावली. तिच्या मागोमाग आलेल्या पिवळ्या आणि निळ्या लाइनही. नंतर मात्र नव्या लाइनसाठी स्टँडर्ड गेजला परवानगी मिळाली, आणि २०१० पासून हिरवी, जांभळी अशा लाइन त्या मापावर आल्या. डलहौसीच्या टेबलावर मागे पडलेलं चार फूट साडेआठ इंची माप दीडशे वर्षांनी त्याच देशाच्या राजधानीत उतरलं. आता सराय काले खांहून मेरठच्या दिशेने सुसाट जाणारी नमो भारतही त्याच मापावर पळते, आणि तिच्या शेजारीच हजरत निजामुद्दीन स्थानकात ब्रॉडगेजच्या गाड्या उभ्या असतात.

काश्मिरी गेट स्थानकात तीन लाइन भेटतात. लाल आणि पिवळी ब्रॉडगेज, जांभळी स्टँडर्ड. संध्याकाळी तिथे हजारो माणसं एका मापावरून उतरून दुसऱ्या मापावर चढतात आणि कुणाला त्याची जाणीव नसते. मिरजेत जे ओझं हमालाच्या पाठीवर होतं ते इथे सरकत्या जिन्याने उचललं. मला त्या गर्दीत उभं राहायला आवडतं. स्थानकाच्या पाटीवरचं इंग्रजी नावही मी दर वेळी वाचतो. काश्मीर आज आपण लिहितो त्या अक्षरांत ते नाही. जुन्या धाटणीने एम नंतर ई, आर, ई असं आहे. १८५७ च्या तोफा सोसलेल्या दरवाजाचं नाव त्या काळी जसं लिहिलं गेलं तसंच पाटीवर राहिलं. कुणी ते सुधारलं नाही, कारण ते चूक नाहीच. नावाचं लेखन हा त्या नावापुरता झालेला करार आहे, आणि शहराने तो पाळला.

गेजमधल्या यूकडे मी असाच पाहतो. शुद्धलेखन आणि रुळांतलं अंतर यांचा स्वभाव एक आहे. साडेपाच फुटांत निसर्गाने काही विशेष ठेवलेलं नाही. पाच किंवा सहा फुटांवरही गाडी चाललीच असती. पण ठरलं, आणि कराचीपासून कलकत्त्यापर्यंत लोकांनी ते मानलं, म्हणून एका कारखान्यात घडलेलं चाक हजार कोसांवरच्या रुळावर बसलं. यू आधी की नंतर, याचंही तसंच. पण जिथे ठरलं तिथेच तो आला की फ्रान्समधून निघालेला शब्द इंग्लंडात, मुंबईत, फरिदाबादमध्ये न अडखळता वाचता येतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरून आपण एकमेकांवर रागावतो तेव्हा मला या दोन रुळांची आठवण होते. नियम जाचक असेल तर एकत्र बसून तो बदलावा. युनिगेज योजनेने १९९२ पासून देशभरचे मीटरगेज रूळ बदललेच की. पण प्रत्येकाने आपापल्या अंगणात वेगळं अंतर धरलं तर गाडी अंगणाबाहेर जाणार नाही.

मापाच्या करारात घोळ झाला की काय होतं ते चावडी बाजारात दिसतं. तिथे पत्रा गेजने विकतात. बावीस गेजचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या जरा आत, अठराचा सव्वाच्या जवळ. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. तारेचंही तेच. तार एकाहून एक बारीक भोकांतून ओढून काढत, आणि जितक्या वेळा ओढली तितका तिचा नंबर. म्हणून जास्त नंबराची तार जास्त बारीक. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक तार-कारखान्याचे नंबर वेगळे झाले, भांडणं वाढली, आणि १८८४ पासून एक प्रमाण तक्ता लागू करावा लागला. पण संगीताच्या पोलादी तारांनी आपला वेगळा तक्ता ठेवला. तिथे नंबर वाढला की तार जाड होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला हे कुणी सांगावं लागत नाही. सतारीची बाजाची तार तीन नंबरची, चिकारीची त्याहून बारीक आणि म्हणून कमी नंबरची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांच्या सुरामागे लाकूड आहे, भोपळा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे आणि हा दशांश मिलिमीटरांचा करारही आहे.

या सगळ्या करारांची थोरली पेटी दिल्लीतच आहे. पुसा भागातली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. ४ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्य यायचं होतं तेव्हाच, नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. के. एस. कृष्णन पहिले संचालक. देशाचा किलोग्रॅम, सत्तावन्न क्रमांकाचा, इथे सांभाळला गेला. देशाचा मीटर इथे आता लेझरच्या प्रकाशात राहतो. कारखान्यांतल्या मोजमापाचा पाया असलेले पोलादी स्लिप गेज प्रकाशाच्या तरंगांशी ताडून पाहता येतात. हे ठोकळे इतके सपाट असतात की दोन एकमेकांवर घासून बसवले की चिकटून राहतात. फरिदाबादच्या कामगाराच्या हातातलं गेज एका साखळीने त्या प्रकाशाला जोडलेलं असतं. नवा देश उभा राहत असताना कुणीतरी आधी मोजपट्टीची चिंता केली, याबद्दल मला त्या पिढीविषयी कृतज्ञता वाटते. न्याय करायचा तर तराजू आधी खरा लागतो.

आणि मग यमुना. काश्मिरी गेटपासून फार लांब नाही तो जुना लोखंडी पूल, वरून रेल्वे आणि खालून रस्ता नेणारा. पुलापाशी नदीची पातळी मोजतात. केंद्रीय जल आयोगाचं हे ठिकाण, आणि अभियंत्यांच्या भाषेत नदीपातळीच्या मापाचंही नाव गेज. इशाऱ्याची पातळी २०४.५० मीटर, धोक्याची २०५.३३, २०६ झाली की नदीकाठची वस्ती हलवायची. हे आकडे समुद्रसपाटीपासून मोजलेले. ती सपाटी १९०९ साली ठरली, नऊ बंदरांतली भरती-ओहोटी वर्षानुवर्षं टिपून. त्या नऊ बंदरांत कराची होती, कारवार होतं आणि मुंबईचं अपोलो बंदरही. भरती टिपणाऱ्या यंत्राचंही इंग्रजी नाव गेजच. म्हणजे दिल्लीच्या पुलाखालचं पाणी मोजताना आपण मुंबईच्या समुद्रापासून मोजत असतो. हे कळलं तेव्हा या परक्या शहरातलं माझं परकेपण थोडं कमी झालं.

१३ जुलै २०२३ रोजी त्या पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर पोचलं. १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मागे पडला. लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत पाणी आलं, काश्मिरी गेटचा बसतळ बुडाला. वर हरियाणात हथिनीकुंड बंधाऱ्यावरून सोडलेलं पाणी दिल्लीला यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढाच अवधी हाताशी असतो. खादरमध्ये, नदीच्या पात्रालगत भाजीपाला पिकवणारी माणसं गुरंढोरं, खाटा, भांडी घेऊन रस्त्याकडेला तंबूंत आली. मी राहतो त्या मयूर विहारच्या बाजूलाही ते तंबू पडले होते. त्यातल्या एका बाईंना विचारलं की निघायचं कधी हे कसं कळलं? त्या म्हणाल्या, ‘‘पुल का नंबर बोला था, भैया. दो सौ छे हो गया, तो चल पड़े.’’

त्या बाईंना गेज हा शब्द ठाऊक नव्हता, त्याचं स्पेलिंगही नव्हतं. पण त्याचा सगळा अर्थ त्यांच्यापाशी होता: एक खूण आहे, ती सगळ्यांना सारखी आहे, कुणीतरी ती प्रामाणिकपणे वाचतो आणि वाचलेलं मोठ्याने सांगतो. म्हणून शब्द नीट लिहायला हवा, रूळ नीट मोजायला हवेत, आणि पुलापाशी वाचलेला आकडा खादरातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत तिथल्या माणसांच्या बोलीत वेळेवर पोचायला हवा. यातलं कुठलंही काम लहान नाही.